चष्म्यातलं फूल

आचलनं त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा चेहरा सोडून बाकी सगळं दिसलं. दोन हात दिसले — मनगटापर्यंत तुरीच्या पिवळ्या भुकटीनं माखलेले, उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग. खाली धुळकट बूट दिसले. समोर यंत्र, वर पत्रे, पत्र्याखाली घुमणारी कबुतरं... आणि या सगळ्याच्या अलीकडून, अगदी कानाला लागून आवाज आला,

"मॅडम, मले तं काही समजूनच नाही राहिलं. तुमी कोठी हाय?"

"मी अमरावतीत."

"मंग माह्या डोक्यात कशा काय बोलून राहिल्या?"

ती हसली. हसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आज सकाळपासून हे आपलं पहिलंच बोलणं.

खरं म्हणजे तो कॉल तिच्यासाठी नव्हताच. डाळ मिलांची यंत्रं सांभाळणारी तिची कंपनी पुण्याची. असे कॉल शेखर सर घ्यायचे, आणि नेमका त्यांना त्या दिवशी ताप. अकोल्याच्या एका मिलला कंपनीनं चष्मा दिला होता, वापरून बघायला म्हणून. चष्मा म्हणजे नावाला. कपाळावर पट्टा, डोळ्यांवर काच, कानाशी माईक असलेलं ते एक चांगलंच जड प्रकरण. घालणारा जे पाहील ते आचलला लॅपटॉपवर दिसायचं, आणि तिनं माउसनं काढलेला बाण त्याला समोरच्या यंत्रावर हवेत तरंगताना दिसायचा. त्याला ती दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती. तिला तो दिसत नव्हता, फक्त त्याचं पाहणं दिसत होतं.

त्या दिवशी डागी दाणा वेगळा काढणारं यंत्र अडलं होतं. तिनं बाण काढला, तो बाणामागं गेला, स्क्रू सैल केला, काच पुसली... यंत्र सुरू झालं. मागून मुकादम किसनरावांचा आवाज आला, "झालं का बे? काढ मंग ते. घाण्याच्या बैलासारखा दिसून राहिला झापडं लावून."

"अंकुरभाऊ, झालं काम," आचल म्हणाली. "ठेवते."

"भाऊ नका म्हणू मॅडम. इथं झाडूवाल्यापासून शेठपर्यंत सगळे भाऊच म्हणतात. एखाद्यानं तं नुसतं अंकुर म्हणावं."

पुढचा कॉल शेखर सरांकडं जाऊ नये अशी व्यवस्था तिनं, ताप उतरलेल्या शेखर सरांना न दुखवता, बरोबर करून घेतली.

साईनगरात घरमालकीण माणिकबाईंच्या माडीवरची एक खोली — तेच तिचं ऑफिस, तेच घर. मैत्रिणी लग्न होऊन किंवा नोकरी लागून पांगल्या होत्या. आईवडील अंजनगाव सुर्जीला, पानमळ्याच्या मागं. सकाळी दारात दुधाची पिशवी, संध्याकाळी जिन्यावरून माणिकबाईंची हाक, "आचल, नळ आले वं." मधला सगळा दिवस टेबलाचा आणि पंख्याचा. एकटीच्या अंदाजानं लावलेला भातही उरायचा, दुसऱ्या दिवशी फोडणीला पडायचा, आणि तरीही उरायचा.

त्या दिवसात आता अकोला येऊ लागलं.

अंकुर काम करता करता इकडंतिकडं बघायचा, आणि तो बघेल ते तिच्या खोलीत यायचं. पत्र्याच्या फटीतून पडलेली उन्हाची काठी. पोत्यावर बसून दाणे टिपणारी चिमणी, आणि ती उडू नये म्हणून त्याची नजर न हलणारी, श्वाससुद्धा थांबलेला. दारापलीकडं लिंबाचं झाड.

"काय पाहताय?" ती विचारायची.

"काही नाही... असंच," तो म्हणायचा, आणि नजर मात्र हलवायचा नाही, तिचं बघून होईपर्यंत.

एकदा दुपारी तो चष्मा काढायचा विसरला आणि डबा उघडून बसला. तिनं कॉल बंद करायला हवा होता. त्याऐवजी ती हळूच आपलं ताट घेऊन लॅपटॉपसमोर येऊन बसली. ज्वारीची भाकर, ठेचा, अंबाडीची भाजी. भाकर मोडणारे ते ओळखीचे हात.

"मॅडम, जेवून राहिल्या ना? ताटाचा आवाज आला."

चोरी पकडल्यासारखं तिनं ताट मागं ओढलं.

"काय हाये?"

"खिचडी... कालची."

मग त्या हातांनी अर्धी भाकर आणि चिमूटभर ठेचा डब्याच्या झाकणावर काढून समोर सरकवला.

"हे तुमचं."

त्यानंतर दुपारचं जेवण असंच होऊ लागलं. तिच्या वाटणीची भाकर किसनराव खायचे, आणि भाजीत मीठ कमी पडलं की तिच्याच नावानं ओरडायचे.

काढलेली खूण जागेवर टिकते की नाही ते तपासायला म्हणून तिनं एकदा मिलच्या लोखंडी खांबावर फूल काढलं. माउसनं काढलेलं ते, वाकडंतिकडंच यायचं. पाच पाकळ्या, त्यातली एक भलतीच फुगलेली, आणि देठ उजवीकडं कललेला.

"हे कोणतं व्हय?" अंकुरच्या घरी शेवंती-झेंडूचा मळा होता, त्याचा आवाज खट्याळ झाला. "आमच्या मळ्यात असलं नाही येत. कीड लागेल हाये का?"

"नसेल आवडलं तर पुसते."

"राहू द्या ना," तो घाईनं म्हणाला. "कोण पाहून राहिलं माह्याशिवाय?"

फूल राहिलं. चष्मा घातल्याशिवाय ते कुणालाच दिसायचं नाही. रोज सकाळी कॉल लागला की आधी खांब यायचा, फूल यायचं, आणि मग कानाशी तो आवाज, "हाये मॅडम, जाग्यावर हाये."

भुलाबाईचे दिवस आले. माणिकबाईंच्या अंगणात मुली गाणी म्हणू लागल्या, आणि शेवटी झाकलेल्या डब्यात कोणता खाऊ आहे ते डबा नुसता वाजवून ओळखायचा खेळ. एका संध्याकाळी माणिकबाईंनी असाच एक डबा तिच्या हाती दिला. दुसऱ्या दिवशी तिनं तो माईकजवळ नेऊन वाजवला.

"ओळखा."

"गोड का तिखट?"

"गोड."

"चिरोटे."

"नाही."

"शेंगदाण्याचे लाडू... बुंदी... बत्तासे..." किती तरी वेळ तो चुकत राहिला, दरवेळी आधीपेक्षा भलतंच काही सांगत, आणि ती हसत डबा वाजवत राहिली. शेवटी तो हरला. तिला वाटलं, एवढं साधं कसं ओळखता आलं नाही याला?

ते तिला कळलं दसऱ्यानंतर. यंत्राला जाणाऱ्या हवेत पाणी येतंय म्हणून अंकुरचा कॉल होता. हवेच्या नळीवर एक काचेची वाटी असते. तिच्यातलं पाणी सोडलं की झालं. आचल बाण काढणार, तेवढ्यात बाहेर गाडीवाला ओरडला आणि तिचं लक्ष खिडकीकडं गेलं. परत पाहते तो, अंकुरचा हात वाटीखालच्या चावीवर आधीच पोचलेला.

बाण तिनं काढलाच नव्हता.

हात थबकला. चोरासारखा मागं आला आणि वाट बघत थांबला.

तिनं मुद्दाम यंत्राच्या दुसऱ्याच टोकाला बाण काढला. हात तिकडं जायला निघाला... अडखळला... आणि तिथंच राहिला.

"अंकुर," ती म्हणाली. भाऊ नाही, काही नाही. "तुम्हाला येतं ना हे?"

समोरचं चित्र हळूहळू खाली गेलं आणि त्याच्या बुटांवर येऊन थांबलं.

"पोळ्यापासून येते," तो म्हणाला.

"मंग फोन कावून करता रोज?" पुण्याच्या ट्रेनिंगनं घासूनपुसून दिलेली तिची भाषा कधी गळून पडली ते तिलाही कळलं नाही.

त्यालाही ते ऐकू आलं असावं. एरवी तो हसला असता.

"घरी गेलो का सगळे बोलतात मॅडम. मळा, बाजार, भाव... माह्यासंगं बी बोलतात. पण काय पाहून राहिला रे, असं मले कोणी इचारत नाही." बुटाच्या टोकानं त्यानं भुकटीत रेघ ओढली. "तुमी इचारता."

आचलनं स्क्रीनवर हात ठेवला, त्याच्या बुटांवर. काच गरम होती.

"आणि तो भुलाबाईचा खाऊ?" तिनं विचारलं.

"खोबऱ्याच्या वड्या. पहिल्याच खेपेले समजलं व्हतं. पण सांगतलं असतं तं तुमी डबा ठेवून देल्ला असता."

कॉल बंद करण्याआधी मागून किसनरावांचं पुटपुटणं आलं. आजवर ती ते हसण्यावारी न्यायची, आज ऐकलं. मिलमधला उकाडा, त्यात हे धूड डोक्यावर. संध्याकाळी पोरगं कपाळ दाबत बसतं, पट्ट्याचा वण उठला आहे, पण काढ म्हटलं की ऐकत नाही.

शेखर सरांनी दुसऱ्याच दिवशी मीटिंग घेतली. अकोल्याहून रोज कॉल येतात, त्यामुळे ते खुशीत होते. चष्मा रोजच्या कामाला लागतो, एवढं आचलनं सांगायचं. मग तो अकोल्यात राहील आणि आणखी मिलांनाही देता येईल.

'हो' म्हणायचं होतं, बस. हो म्हटलं की खांब राहील, फूल राहील, दुपारची अर्धी भाकर राहील. नाही म्हटलं की ही खोली पुन्हा टेबलाची आणि पंख्याची.

तिला तो वण आठवला, जो तिनं कधी पाहिला नव्हता.

"सर, माणूस नवीन असेल, यंत्र मोठं अडलं असेल, तर चष्म्यासारखं दुसरं काही नाही," ती म्हणाली. "आमचा शंभर किलोमीटरचा फेरा वाचतो. पण रोज नाही. डोकं दुखतं, घाम येतो, भुकटी बसली की दिसत नाही. आणि एकदा शिकलं की त्याची गरजच राहत नाही. अकोल्यात गरज... नाही राहिली."

शेवटच्या कॉलवर तिनं हे सगळं अंकुरला सांगितलं. खरं बोललात, एवढंच तो म्हणाला. मग वळला आणि खांबासमोर जाऊन उभा राहिला. किती तरी वेळ तिच्या खोलीत फक्त ते वाकडं फूल होतं.

दिवाळी अंजनगावला गेली. परत आल्यावर खोली होती तशीच. अंकुरचा नंबर तिच्याकडं होता. फोटोच्या जागी झेंडूचं शेत. पण काम नसताना काय म्हणून फोन करायचा? तो करील, असं तिला वाटायचं. तिकडं तोही बहुधा तेच वाटून घेत असावा. दुपारी ताट घेऊन ती सवयीनं लॅपटॉपसमोर बसायची, आणि काळ्या पडद्यात तिची तीच दिसायची, घास हातात घेतलेली. मग तिनं ताट खिडकीशी न्यायला सुरुवात केली. खिडकीतून माणिकबाईंची वाळत घातलेली लुगडी दिसायची.

शेखर सरांनी चष्मा कुरियरनं मागवायला सांगितला. काच फुटेल, मीच जाऊन आणते, असं आचलनं कळवलं आणि उत्तराची वाट न पाहता एसटीत बसली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. दोन्ही बाजूंनी तूर पिवळी फुलली होती, मधूनच कपाशी पांढरी फुटलेली. काय पाहताय, असं विचारणारं शेजारी कुणी नव्हतं. एक बाई होत्या, त्या झोपल्या होत्या.

मिलच्या दारात किसनराव भेटले. आवाजावरून तिनं त्यांना ओळखलं आणि तिच्या आवाजावरून त्यांनी तिला. "तुमीच का त्या? तुमच्या वाटच्या भाकरी खाऊखाऊ माहं पोट सुटलं ना बाई. आता बंद झाल्या, तं पोरगं धड जेवत नाही." चष्म्याची पेटी आणायला ते आत गेले.

आचल आत आली. उन्हाची काठी तिच्या जागी. कबुतरं त्यांच्या जागी. सगळं ओळखीचं, फक्त आता भुकटीचा गरम, खमंग वास होता, जो लॅपटॉपमधून कधी आला नव्हता. तिनं खांबाकडं पाहायचं नाही असं ठरवलं होतं. तिथं काही असणार नव्हतं.

पण पाहिलं.

खांबावर फूल होतं. यंत्राला मारायच्या लाल रंगानं, ब्रशनं काढलेलं. पाच पाकळ्या, त्यातली एक भलतीच फुगलेली, देठ उजवीकडं कललेला. त्याच उंचीवर, त्याच जागी. कसलाही चष्मा न लावता कुणालाही दिसेल असं.

खांबापलीकडं एक जण पाठमोरा बसून काच पुसत होता. आधी हात दिसले. अंगठ्यावरचा डाग दिसला.

"चष्मा न्यायले आली," आचल म्हणाली.

हात थांबला. पाठ ताठ झाली, पण तो वळला नाही.

"अजून बोला जराशे," तो म्हणाला. "मंग पाहतो."

"काय बोलू?"

"काहीबी."

"भूक लागली," ती म्हणाली, आणि हे इतकं खरं होतं की तिचे डोळे भरून आले.

मग तो वळला. चेहरा कसा होता हे तिला नंतर, परतीच्या बसमध्येही, नीट आठवलं नाही. कपाळावर पट्ट्याची पुसट रेघ तेवढी आठवली. त्याची नजर कुठं कुठं जाते हे तिला महिनोन् महिने ठाऊक होतं — पत्र्याकडं, चिमणीकडं, लिंबाकडं. आज पहिल्यांदाच ती दुसरीकडं कुठंही जात नव्हती.

"काय पाहून राहिले?" आचलनं विचारलं.

किसनराव पेटी घेऊन आले, दोघांकडं बघून तशीच घेऊन परत गेले.

"थांबा ना..." अंकुर म्हणाला. "अजून पाहून नाही झालं."