सकाळ ते सकाळ

वहिनी खाजगी तपासनीस आणि भावोजी त्यांचे धाकटे दीर. डोकं वहिनींचं, गाडी भावोजींची, अशी वाटणी. त्या दिवशी मात्र भावोजींना थट्टा सुचेना. समोर बसलेल्या शिक्षिकेचे वडील नुकतेच गेले होते.

अंथरुणाला खिळलेले वडील संध्याकाळी गॅलरीतल्या खुर्चीत सापडले, अंगात इस्त्रीचा शर्ट. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. पण खुर्चीपर्यंत त्यांना नेलं कोणी? शिक्षिकेचा संशय त्यांना सांभाळणाऱ्या मावशींवर होता.

"थंडीत उघड्यावर बसवून ती भटकायला गेली," शिक्षिका म्हणाली. "माझे बाबा एकटे गेले, बाई. मी तिला सोडणार नाही."

मावशींनी वेगळंच सांगितलं. दुपारी आजोबांनीच त्यांना औषधं आणायला पिटाळलं, वर संध्याकाळशिवाय येऊ नकोस म्हणून बजावलं.

"दोघी मिळून उचलायचो आम्ही. मला एकटीला त्यांची कूससुद्धा वळवता यायची नाही," मावशी रडत म्हणाल्या. "तक्रार झाली तर मला कोण घरात घेईल?"

कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तीनच होत्या: शिक्षिकेची, मावशींची आणि एक धाकट्या भावाने परदेशी जाताना नेलेली.

हा भाऊ चांगला आडव्या बांध्याचा होता. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. रात्री आठला ताईचा फोन आला तेव्हा तिकडे सकाळ होती, म्हणाला. मिळालं ते थेट विमान पकडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला दारात. भावोजींनी बोटं मोजली. सकाळ ते सकाळ, जवळजवळ अख्खा दिवस; विमानाला लागतात सोळा तास. हिशेब चोख बसत होता. एवढ्या प्रवासानंतरही तो दिवसभर भेटायला येणाऱ्यांबरोबर बसला आणि रात्री वेळेवर गाढ झोपला, हे शिक्षिकेने कौतुकाने सांगितलं.

वहिनींनी सगळ्यांना एकत्र बसवलं, मावशींनाही.

"तिकडची सकाळ म्हणजे इथली रात्र," त्या भावाला म्हणाल्या. "रात्री आठ ते सकाळी आठ, बाराच तास. घड्याळं मागेपुढे असतात, अंतर काही कमी होत नाही. सोळा तासांचं आकाश बारा तासांत कसं ओलांडलंत?"

भावोजींनी मोजलेली बोटं मिटून घेतली.

"शिवाय तिकडून आलेल्याचा पहिल्या रात्री डोळा लागत नाही. दिवसरात्र उलटी झालेली असते. म्हणजे तुम्ही आधीच इथे होता. किल्ली तुमच्याकडे, बाबांना उचलायची ताकद तुमच्यात. मावशींना त्यांनी पिटाळलं ते तुमच्यासाठी."

भावाने मान खाली घातली. आठवडाभर तो हॉटेलात राहत होता, घरी यायचा धीर होत नव्हता. शेवटी त्याने बाबांना फोन केला.

"चांगला शर्ट घाल म्हणाले. बाहेर बसू म्हणाले. बोलता बोलता मान टाकली. मी पळालो. ताई म्हणाली होती, तू आता प्रेतालाच येशील. कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

"आणि आळ मावशींवर आला तेव्हा?"

त्याने मावशींकडे बघायचं टाळलं.

"बाबा गेले तेव्हा त्यांचा हात कुठे होता?" शिक्षिकेने हळूच विचारलं.

"माझ्या हातात."

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली. मग मावशींकडे वळून तिने हात जोडले. मावशींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. भाऊ समोरच बसून होता. त्याला कोणीच जवळ घेतलं नाही.