दातावरची खाच

दात बसवण्याआधी पूर्वी तोंडात गिळगिळीत लगदा दाबून माप घ्यायचे, हे आताच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. इचलकरंजीतल्या दवाखान्यात डॉ. शगुफ्ता मोमीन यांनी केतकीबाईंच्या तोंडात टूथब्रशएवढा स्कॅनर फिरवला आणि शेजारी बसलेल्या निशिकांतराव पोरे यांना पडद्यावर बायकोचा अख्खा जबडा तरंगताना दिसला. ते आ वासून बघत राहिले. न्हाणीघरात पडून केतकीबाईंचा पुढचा दात गेला होता. त्या जागी हाडात बसवलेला स्क्रू आता रुजला होता, आता त्यावर नवा दात चढवायचा होता.

"पण गेलेला दात कसा होता, हे यंत्राला कसं कळणार?" निशिकांतरावांनी विचारलं.

"उरलेले दात सांगतात, काका. प्रत्येक सवयीचा दातावर बारीक ओरखडा उठतो. जुन्या ओरखड्यांवर नवे चढतात. यंत्र ते एकेक करून उलगडतं. झीजवाचन म्हणतो आम्ही त्याला."

पडद्यावर हरवलेला दात हळूहळू उगवला. त्याच्या कडेला इवलीशी खाच होती.

"धागा दातानं तोडायची सवय होती ना, काकू? पुष्कळ वर्षं?"

केतकीबाई लाजून हसल्या. निशिकांतराव खुर्चीत पुढे सरकले. जो दात आता जगातच नाही, त्यावरून यंत्रानं बायकोचं शिंपीकाम ओळखलं होतं!

"काजं-बटणं हीच करायची," ते कौतुकानं म्हणाले. "मग मीच हिचं शिलाई मशीन विकून टाकलं. म्हटलं, पुरे झालं, आता आराम कर."

"तेही दिसतंय. धागा थांबला, तेव्हापासून दाढा झिजायला लागल्या. काकू झोपेत दात खातात. अजूनही."

रात्रीची ती करकर उंदरांची समजून निशिकांतरावांनी माळ्यावर पिंजरे लावले होते. एकही उंदीर सापडला नव्हता.

"अगं, मला बोलायचंस की."

"एवढ्या हौसेनं आराम दिलात तुम्ही. काय बोलणार?"

निशिकांतरावांना आता त्या पडद्याकडे बघायची भीती वाटू लागली.

"दात होता तसा करू, की गुळगुळीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"गुळगुळीत!" ते घाईनं म्हणाले. "नवा कोरा करा."

केतकीबाईंनी रिकामी जागा जिभेनं चाचपली.

"खाच ठेवा, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "धागा कशानं तोडू मग?"

मशीन कुणाला विकलं होतं, ते निशिकांतराव आठवू लागले. नाव काही केल्या आठवेना.