दारात पोकळ्या

आमची ओळख माझ्या किंकाळीने झाली.

दुपारचे तीन. बाहेर लख्ख ऊन असणार, पण ध्वनिकक्षाला खिडकी नसते. भिंतींना स्पंज, दिवा मंद, माझ्या कानांवर जाडजूड हेडफोन — आणि हेडफोनमध्ये श्वास. आत माणूसच नसलेल्या अंतराळपोशाखाचा श्वास... खर्रर्र... थांबला... खर्रर्र... ‘नवव्या कक्षेत’ या मालिकेतला हा पोकळ्या. तो रिकामा पोशाख चालत यायचा, बंद दाराशी उभा राहायचा आणि तीनदा ठोठावायचा. लहानपणी मी त्याला उशीच्या आडून बघायचे, आणि आता पगार घेऊन ऐकत होते. भीती तेवढीच.

ठक्. ठक्.

तिसऱ्या ठोक्याला माझ्या खांद्यावर कुणीतरी बोट टेकवलं.

“सॉरी, सॉरी!” माझी किंकाळी विरल्यावर तो म्हणाला. “मी दार वाजवलं होतं. तीनदा.”

“तीनदाच का?”

त्याने माझ्याकडे बघितलं, मग समोरच्या पडद्यावर थिजलेल्या पोकळ्याकडे. आणि हसला. “खरंच की. पुढच्या वेळी चारदा वाजवीन.”

पुढच्या वेळी! मी उगाचच केस कानामागे सारले.

त्याच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, डब्यात एक कॅसेट. मालिकेला वीस वर्षं झाली तेव्हा एक विशेष भाग निघाला होता. जुने पाचही कॅप्टन एकाच यानात, आणि दाराबाहेर पोकळ्या. तो एकदाच दाखवला गेला. आता मालिकेची पंचेचाळीस वर्षं म्हणून तो पुन्हा दाखवायचा, तर चित्र शाबूत आणि संवादांच्या फितीला बुरशी. संगीत आणि आवाजांची फीत वेगळी होती, म्हणून वाचली. कुणा प्रेक्षकाकडे संवाद असतील तर द्या, असं आवाहन आमच्या वाहिनीने केलं होतं.

“बाबांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवला होता,” तो म्हणाला. “मला रोज झोपताना ऐकायला मिळावं म्हणून.”

“मग रोज ऐकायचात?”

“एकदाही नाही.” त्याने डबा टेबलावर ठेवला आणि पटकन विषय बदलला. “किंचाळण्याचं मनावर घेऊ नका. मी लहान मुलांच्या दातांचा डॉक्टर आहे. मला बघून लोक किंचाळतातच.”

माझा हात नकळत उजव्या गालावर गेला.

“कोणती दाढ?”

“कुठे काय? काही नाही.”

“खालची. किती दिवस?”

“...चार महिने.”

“चार महिने! पोकळ्यापेक्षा मी भयंकर दिसतो का?”

“पोकळ्याच्या हातात सुई नसते.”

तेवढ्यात दार वाजलं. मी उठणार, तोच तो ताडकन उभा राहिला. “तुम्ही बसा! मी बघतो.” त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. दाराबाहेर फक्त आमचे कानसेनकाका होते, विभागातले सर्वांत जुने ध्वनितंत्रज्ञ. त्यांचं खरं नाव त्यांच्या कानांपुढे कधीच मागे पडलं होतं.

दिसेल ते टिपून ठेवायची खोड मला भौतिकशास्त्राने लावली. मी टिपलं — दार वाजलं की हा दुसऱ्या कुणाला जाऊ देत नाही.

पुढचा आठवडाभर तो रोज जेवणाच्या सुट्टीत येऊ लागला. चारदा दार वाजवून. “कॅसेट कशी आहे?” हा पहिला प्रश्न, “दाढ कशी आहे?” हा दुसरा, आणि मग अर्धा तास कुठे जायचा, कळायचं नाही. माझं काम त्याला ऐकायला आवडायचं. कॅसेट किंचित हळू चालते, आधी तिचा वेग जुळवायचा. मग संगीताची फीत त्यातून वजा करायची. पूर्ण वजा होत नाही, पण उरतं त्यात संवाद असतात आणि त्या खोलीतले आवाज. खोकला, बांगड्या, पंखा. संवाद ठेवायचे, खोली पुसायची.

“म्हणजे आमचं घर पुसायचं,” तो म्हणाला.

“नाइलाज आहे हो.”

“नाही, पुसाच.” तो हेडफोनच्या वायरीशी चाळा करत होता. “पोकळ्याच्या ठोक्यांपाशी माझा आवाज असेल. तो तर कुठेच ठेवू नका. ऐकूही नका.”

मी खुर्ची त्याच्याकडे वळवली. कधी कधी न विचारणं हाच प्रश्न असतो.

“पोकळ्या ठोठावायला लागला आणि मी बाबांना म्हटलं — बघून ये ना, आपल्या दाराशी तो नाहीये ना? बाबा गेले. जिन्यात कोसळले. हृदय...” त्याने वायर सोडली. “घरात असते तर कुणीतरी वेळेत बघितलं असतं. जिन्यात कुणीच नव्हतं. मी सहा वर्षांचा होतो, पण पाठवलं मीच. हे मी आईलासुद्धा बोललेलो नाही.”

तो गेल्यावर मी बराच वेळ बटणावर बोट ठेवून बसले होते. पुसायचं तर नेमकं कुठून कुठपर्यंत, हे ऐकल्याशिवाय कसं कळणार? ही सबब होती. मला ठाऊक होतं.

संगीत वजा झालं. आधी पंखा. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग एका पुरुषाचा, अगदी हळू — “मी जरा जिन्यात जातो गं. कोंडल्यासारखं होतंय.” एका बाईचा — “अहो, थांबा ना, आता कुठे रंगात आलंय.” — “आलोच.” पावलं. कडी. आणि त्यानंतर, त्यानंतर बरं का, एक चिमुकला, थरथरता आवाज — “बाबा, बघून ये ना! तो नाहीये ना?” आणि दाराशी पोहोचलेला तो पुरुष हसून — “बघतो हं. तू बघत राहा.”

मी तो तुकडा पुन्हा लावला.

बाबा आधीच उठले होते. कुणी पाठवलंच नव्हतं त्यांना.

पण लगेच दुसरी भीती. तो मला आवडायला लागला होता, आता खोटं कशाला बोलू. आणि आवडत्या माणसाला सोडवायचं असेल तर कान काय वाट्टेल ते ऐकवतात. असल्या निरीक्षणावर मी प्रयोगशाळेत विश्वास ठेवला असता का? छे. मी तो तुकडा कानसेनकाकांपुढे ठेवला. कोण, कुठलं, काही न सांगता.

काकांनी डोळे मिटले. दोनदा ऐकलं. “यात काय अवघड आहे, पोरी? माणसाला बरं वाटत नाहीये, तो उठलाय. खुर्ची ऐक, खुर्ची! कडी निघाली, मग पोरगं बोललं.”

“नक्की?”

“माझ्यावर नाही ना विश्वास? मग मोज. यंत्र तुझ्यासमोर आहे.”

मी मोजलं. खुर्चीपासून त्या चिमुकल्या आवाजापर्यंत अकरा सेकंद.

दुसऱ्या दिवशी दार चारदा वाजलं आणि मी हेडफोन काढून ठेवले.

“पुसलंत?” त्याने विचारलं.

“नाही.”

“ऐकलंत?”

“...हो.”

ओरडला असता तर बरं झालं असतं. “मी तुमच्यावर विश्वास ठेवला होता,” एवढंच म्हणाला आणि वळला.

“अकरा सेकंद!” मी जवळजवळ ओरडलेच. “फक्त अकरा सेकंद ऐका. मग जा. हवं तर परत येऊ नका.”

त्याचा हात दाराच्या मुठीवर होता. “मी घाबरलोय,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

“मीपण.”

“तुम्हाला कसली भीती?”

“तुम्ही परत न येण्याची.”

बोलून गेले आणि मग कळलं, काय बोलून गेले ते. स्पंजाच्या भिंतींमध्ये प्रतिध्वनी उमटत नाही. नाहीतर ते वाक्य मलाच चारदा ऐकू आलं असतं.

तो सावकाश येऊन खुर्चीत बसला. मी हेडफोन त्याच्या कानांवर ठेवले. बटण दाबलं. मला काहीच ऐकू येत नव्हतं, मी फक्त चेहरा बघत होते. पापण्या घट्ट. मग ओठ हलले... बाबा. मग डोळे एकदम उघडले.

“पुन्हा.”

पुन्हा लावलं. एकूण पाच वेळा.

“कडी...” तो म्हणाला.

“हो. तुमच्या आधी.”

“ते उठलेलेच होते.”

“हो.”

मग तो रडला. लहान मुलं रडतात तसा, नाक पुसत, काही न लपवता. मी त्याचा हात धरून बसले. “दुखलं का?” मी विचारलं.

“थोडंसं.” ओल्या डोळ्यांनी तो हसला. “आता तुझी दाढ.”

तुमची नाही. तुझी.

दाढेबद्दल जास्त सांगत नाही. मी किंचाळले, आणि बाहेर बसलेला एक पाच वर्षांचा रुग्ण मला धीर द्यायला आत आला. “दहापर्यंत मोज, तोवर संपतं,” म्हणाला.

विशेष भाग दाखवला त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी होते. तेच घर, तोच जिना. त्याने त्या तुकड्याची गोष्ट आईला आदल्या दिवशीच सांगितली होती. तिचे डोळे अजून सुजलेले होते. “मला वाटलं, याला त्या दिवसाचं काही आठवत नाही,” ती मला हळूच म्हणाली. “म्हणून मी कधी विषयच काढला नाही गं. पंचवीस वर्षं!”

पडद्यावर पाच कॅप्टन दाराकडे बघत उभे. खर्रर्र... थांबला... माझ्या शेजारी त्याचा श्वासही थांबलेला. सत्तावीस मिनिटं झाली. तो तुकडा मी स्वच्छ केला होता. त्यात ना खुर्ची होती, ना कडी. ठक्. ठक्. ठक्.

आणि खरंच दार वाजलं.

आई दचकली. मी दचकले. तो अर्धवट उठला, सवयीने. गुडघे सरळ होता होता थांबले. आणि हळूच... तो पुन्हा खाली बसला. माझ्याकडे बघितलं.

“बघून ये ना,” तो म्हणाला. आवाज सहा वर्षांच्या मुलाचा. “तो नाहीये ना?”

मी उठले. “बघते हं. तू बघत राहा.”

बोळात दिवा नव्हता. कडीपर्यंतची सहा पावलं मला साठ वाटली. खरं सांगते, त्या दारापलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. मागून त्याचा आवाज येत होता, कापरा, पण थांबत नव्हता — एक... दोन... तीन... मी कडी काढली.

“बोलावता, आणि बेल बंद तुमची!” जिना चढून धापा टाकणारे कानसेनकाका करवादले. “पोकळ्याचा भाग सुरू झाला का?”

“नाहीये तो!” मी आतल्या दिशेने ओरडले आणि काकांना तिथेच सोडून धावत सुटले.

...आठ... नऊ...

तो दहा म्हणायच्या आत मी त्याच्या शेजारी येऊन बसले होते.