पहिलं मत मीच टाकलं होतं

शप्पथ सांगते, यातलं अक्षरही पदरचं नाही. आणि ही रात्रीची गोष्टही नाही. टळटळीत दुपारचे चार, वार गुरुवार, आणि सुरुवात आमच्या ऑफिसात, जिथे ट्यूबलाइट चोवीस तास जळत असतात.

आमच्या कंपनीची नेटवर भुताची एक विनोदी मालिका आहे. दर गुरुवारी चारला नवा भाग. भाड्याच्या घरात एक मेलेला आचारी राहतो आणि भाडेकरूंच्या भाजीत मीठ जास्त टाकतो. बस्स, एवढीच त्याची दहशत! खाली प्रेक्षक मतं लिहितात. त्यातल्या शिव्या काढायच्या, बाकीची ठेवायची, हे माझं काम.

आणखी एक काम आहे, जे कुणी उघड बोलत नाही. पहिली दहा मतं आम्हीच टाकतो. खोट्या नावांनी.

साहेब म्हणतात, "पहिल्या दहांत वाहवा दिसली की पुढचे आपोआप माना डोलावतात."

तिसऱ्या भागाला माझी खोटी नावं संपली. नवं खातं लगेच पकडलं जातं. जुनं, खरं वाटणारं खातं हवं होतं...

माझ्याकडे एक होतं.

भावजींचं. माझ्या ताईच्या नवऱ्याचं. चष्म्याचं दुकान होतं त्यांचं. पासवर्ड कधी लक्षात राहायचा नाही, म्हणून माझ्याच वहीत लिहून ठेवायला लावला होता. त्यांना जाऊन आठ महिने झाले होते.

दुर्बुद्धी सुचली, दुसरं काय! लिहिलं, "झकास! भूत असावं तर असं!" आणि विसरून गेले.

संध्याकाळी ताईचा फोन आला. आठ महिने जी धड जेवत नव्हती, ती चक्क हसत होती. "अगं, तुमचा तो आचारी! पोट दुखलं माझं हसून. लोकांची मतंसुद्धा वाचत बसले."

मला रडूच फुटलं. माझी बहीण मला परत मिळाली होती.

पुढच्या गुरुवारी मतं चाळत होते. आणि...

भावजींच्या नावाने नवं मत.

"आचाऱ्याच्या चष्म्याची उजवी दांडी ढिली आहे. सारखा घसरतो. कुणी कसून देत नाही का?"

मी लिहिलं नव्हतं. वही माझ्याच पर्समध्ये होती.

"कोण गंमत करतंय रे?" मी विचारलं. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "भुतांचं काम करता करता तुलाच धरलं वाटतं!" सगळे हसले. मीही हसले... जरा जास्तच मोठ्याने.

पासवर्ड बदलला.

पुढचा गुरुवार. चार वाजून एक मिनिट.

"भूत दारावर टकटक कशाला करेल? आपल्याच घरात शिरताना कुणी टकटक करतं का?"

लोकांना तो विनोद वाटला. शेकडो जणांनी पसंती दिली. साहेब तर जाम खूश. मी गुपचूप मत काढलं आणि खातंच बंद करून टाकलं. कायमचं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी, त्याच बंद खात्यावरून...

"आज पडदा ओढून बसलीस. मला नीट दिसलं नाही."

तशीच उठले आणि ताईचं घर गाठलं.

ताई टीव्हीसमोर बसली होती. खिडकीचे पडदे सताड उघडे.

"मघाशी ओढलेले होते," ती म्हणाली. "त्यांना दिसेना, म्हणून उघडले."

मी तिचे पायच धरले. "ताई, ते मी लिहिलं गं! खोटी मतं टाकतो आम्ही. सगळं माझंच पाप आहे."

"पहिलं तुझं. ते मला तेव्हाच कळलं," ती शांतपणे म्हणाली. "ह्यांच्या तोंडून 'झकास' कधी ऐकलंस का तू?"

"आणि बाकीची?"

लहानपणी मी मूर्खासारखं काही विचारलं की बघायची, तशी ती बघत राहिली.

"जरा बाजूला सरक," म्हणाली. "मध्ये बसलीयेस."

माझ्या मागे कुणीही नव्हतं.

आता आजचं सांगते. आज शेवटचा भाग. सकाळीच बघितलं तर मत आधीच येऊन पडलेलं... भाग यायच्याही आधी.

"आजचा भाग तिकडे नको. या वेळी तूच इकडे ये."

मी काढायच्या आत ताईने वाचलं. खाली उत्तरही दिलं. एकच शब्द. "येते."

सकाळपासून इथे ताईच्या घरीच ठाण मांडून बसलेय. दाराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. ताईला ताप नाही, दुखणं नाही. मघाशी डॉक्टरही बघून गेले, म्हणाले ठणठणीत आहेत. ती मात्र न्हाऊन, नवी साडी नेसून बसलीय. मी एका हाताने तिचा हात धरलाय आणि दुसऱ्याने हे लिहितेय. उद्या कुणी मला खोटं पाडू नये, एवढ्यासाठी.

फार घाबरलेय मी.

चारला पाच कमी.

"सोड ना गं," ताई हसून म्हणाली. "मालिका बघायला निघालेल्या माणसाला एवढं कोण अडवतं?"

नाही सोडला.

चार वाजले.

अजून धरलाय मी हात. पण आता तिनेही माझा धरलाय... आणि ती ओढतेय.