बंद कारखान्याची लॉरी

कंदील बारीक करा बे, घासलेट रेशनवर मिळते. अन् मधात कोणी उठायचं नाही. हे मी आपल्या दुसरबीडच्या उकंडरावाचं सांगून राह्यलो. दोस्त आहे माहा. हे झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्याच्या घरी गेलो होतो.

उकंडरावाले एक भलताच नाद. पत्र्याच्या, शिशाच्या लष्करी गाड्या जमवायचा. वीतभर रणगाडे, तोफा ओढणाऱ्या गाड्या, असं काहीबाही. त्यातही कोणतीही चालत नसे. ज्या कारखान्याले कायमचं कुलूप लागलं, त्याचीच पाह्यजे. गाडी उलटी करून बुडावरचं नाव पाह्यचा अन् खुशीत म्हणायचा, "ही आता पुन्हा होणं नाही!"

त्याची बायको सुभद्राबाई चिडे. "बुडालेल्यांचं काऊन घरात आणता हो? आपलं पोरगं लढाईत आहे."

पोरगा मोतीराम ब्रह्मदेशात फौजेची लॉरी चालवायचा. लढाई सरून चार महिने झाले, गावोगावचे शिपाई घरी आले, मोतीरामचा पत्ता नाही. बापाचा जीव थाऱ्यावर नव्हता, पण बोलून दाखवीन तर शपथ.

मागच्या कार्तिकातली अमावास्या. बीबी गावच्या फकीर मोहम्मद भंगारवाल्यानं निरोप धाडला, एक लॉरी आली म्हणून. उकंडराव सायकलीवर गेला. हिरवी लॉरी, मागं छत, ड्रायव्हरची जागा रिकामी. मोतीराम अशीच चालवतो, हे त्याले माहीत होतं. पिशवीत घातली अन् निघाला. येता येता अंधार पडला.

अर्ध्या रस्त्यात मागून घरघर आली. मोठ्या लॉरीची. उकंडराव बाजूले झाला. काहीच गेलं नाही. मागं पाह्यलं, तर ना दिवा, ना धूळ. पायडल मारलं की घरघर. थांबला की बंद. पुन्हा निघाला... पुन्हा तेच. शेवटी सायकल चालवता चालवताच त्यानं पिशवीवर हात ठेवला.

पत्रा थरथरत होता.

घरी आला तो घामानं ओला. लॉरी कपाटात ठेवली, कपाट लावलं, दाराले कडी घातली. सुभद्राबाईनं संध्याकाळीच घर सारवलं होतं, जमीन अजून ओली होती. जेवला नाही. तसाच पडला.

मधरात झाली असन.

बाहेरून हाक आली. "बाबा..."

मोतीरामचाच आवाज. सुभद्राबाई ताडकन उठली. उकंडरावानं तिचा हात धरला.

"थांब. तिसरी हाक येऊ दे."

तुमच्याही घरी सांगतात ना बे? अमावास्येच्या रात्री दोन हाका कोणाच्याही असतात. तिसरी माणसाची.

"सोडा मले! पोरगं आहे माह्यं!"

"थांब म्हणतो ना."

"बाबा... दार उघडा."

दोन झाल्या.

ती रडून राह्यली. तो हात सोडत नव्हता. दोघंही कान लावून...

कुत्रं नाही. वारा नाही.

...

तिसरी आलीच नाही.

उजाडल्यावर त्यानं मले बोलावलं. अंगणात पाऊल उमटलेलं नव्हतं. मोतीराम त्या दिवशी आला नाही, पुढंही आला नाही. पत्र नाही, तार नाही. जिता होता का मेलेला, देव जाणे. उकंडराव अजून मले विचारते, "मी उघडायले पाह्यजे होतं का रे?"

पण डोळ्यानं पाह्यलं ते सांगतो. कपाट सताड उघडं. ओल्या सारवणावर चाकांच्या दोन बारीक रेघा. कपाटापासून निघालेल्या, कुठं वळल्या नाहीत, सरळ दारापर्यंत. अन् ती लॉरी बंद दाराले नाक लावून उभी.

वर्ष होत आलं. सुभद्राबाई आता रात्री दाराले कडी घालू देत नाही. घर दर आठवड्याले सारवते.

त्या दोन रेघा सोडून.