कोरडे तांदूळ

"थुक वं मनकर्णा, आता थुक!"

सासूने, रुखमाबाईंनी पुढे केलेल्या पानावर मनकर्णाने तोंडातले तांदूळ टाकले... आणि महाल भागातल्या त्या घरात सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या! नवऱ्याचे, शालिकरामचे तांदूळ ओले निघाले होते, नणंद प्रेमलताचेही. मनकर्णाचे मात्र कोरडेठाक! चोराच्या तोंडचे पाणी भीतीने पळते, म्हणून देवापुढचे तांदूळ चावायला द्यायचे, ही रुखमाबाईंच्या माहेरची रीत. आणि प्रेमलताच्या लग्नासाठी ठेवलेली सोन्याची माळ पेटीतून नाहीशी झाली होती.

"मी म्हणत होती ना! उठसूट पाणी पिते, पाठ फिरवून तोंडात काही टाकते. काय बांधून राहिली पदरात?" रुखमाबाई कडाडल्या.

"लवंग, आत्याबाई..."

शालिकरामनेही गाठीकडे संशयाने पाहिले, आणि मनकर्णाचे काळीज चिरले. तान्हे बाळ गेल्यापासून तिची झोप उडाली होती. भावाने गुपचूप मनाच्या डॉक्टरांकडे नेले होते. त्या गोळ्यांनीच तोंड सुकत होते! पण कळमेश्वरच्या सोयऱ्यांनी, प्रेमलताच्या होणाऱ्या सासरच्यांनी, खोदून विचारले होते, घरात कुणाला डोक्याचा आजार तर नाही? एका शब्दाने ती सुटली असती... आणि प्रेमलताचे लग्न मोडले असते.

"मीच घेतली समजा," ती पुटपुटली.

"खोटं!" प्रेमलता उसळली. "भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही वहिनीले, कित्येक महिने पाहून राहिली मी. आई, तू काहून नाही चावले? चाव!"

रुखमाबाईंनी रागाने चिमूट तोंडात टाकली. चावल्या, चावल्या... म्हातारपणाच्या त्या तोंडात काही केल्या ओल येईना. पानावर पीठच पडले.

"मी चोर आहो काय गा, शालिक?" त्यांनी पान मुलापुढे धरले.

मनकर्णा धावत पाणी घेऊन आली. "एकदम नका पिऊ, घोट घोट घ्या. मग लवंग गालात धरा. डॉक्टरांनी मले हेच..."

ती थबकली. फार उशीर झाला होता.

"कोणत्या डॉक्टरनं?" शालिकरामने विचारले.

मग सारी हकीकत बाहेर आली. प्रेमलता तिच्या गळ्यात पडून रडू लागली. "माह्यासाठी चोर झाली तू, वहिनी!"

रुखमाबाई सुनेजवळ येऊन बसल्या. "कळमेश्वरले मीच जातो. सून आजारी आहे, दवा चालू आहे, सांगतो. नाही पटलं, तर दुसरं घर पाहू."

"अन् माळ?" शालिकराम चाचरला.

"माळ तू शोध! हिच्यावर नजर ठेवशील, तर याद राख."

मनकर्णाला काही बोलायचे होते, पण जीभ टाळूला चिकटली होती. रुखमाबाईंनी आपला उष्टा पेला तिच्या ओठांना लावला.

"घोट घोट घे वं, पोरी..."