बंद केलेलं सिक्युअर बूट

नवरा गेल्यावर त्याचा संगणक आपोआप आपला झाला, यात विचारायचं काय, असं तिला वाटलं होतं. तो असताना रोज विचारावं लागे. "बसू का?" म्हटलं की साहेब आधी स्वतः यंत्र चालू करणार, काहीबाही तपासणार, मग खुर्ची सोडणार. संसारभर आपण हे मुकाट्याने चालवून घेतलं, याचा तिला आता जास्तच राग येई.

तिला स्वतःचं असं पहिलं काम मिळालं होतं. एका सुताराला कपाटांचे आराखडे संध्याकाळपर्यंत हवे होते, नाहीतर तो दुसरीकडे जाणार होता. आराखड्यांचा प्रोग्राम ज्या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चाले, ती धाकट्या भावाने बसवून दिली. त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं, यंत्र ती तिथेच घेऊन आली होती. तरी यंत्र अडून बसलं.

भावाने समजावलं की सिक्युअर बूट म्हणजे दारावरचा पहारेकरी. ओळखीची सही नसलेल्या सिस्टीमला तो आत सोडत नाही. सेटिंगमध्ये जाऊन त्याने ते बंद केलं आणि सगळं सुरळीत चालू झालं. मग खुर्चीत ती बसली, यंत्र पुन्हा सुरू केलं, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: परवानगी नाही. सिक्युअर बूट परत चालू.

भाऊ बसला की ते बंद राही, ती बसली की चालू होई. तूच काहीतरी दाबतेस, असं म्हणून भावाने खापर तिच्यावर फोडलं. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बटण त्यालाच दाबायला लावलं. परवानगी नाही. मग त्याने आतली नाण्याएवढी बॅटरी काढली. अशाने यंत्र सगळ्या सेटिंग्ज विसरतं, तारीखसुद्धा. तारीख ते विसरलं. तिला मात्र विसरलं नाही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिवंतपणी छळलं ते काय कमी होतं? भाऊ नुसता स्क्रू आवळत राहिला. दाजींपुढे त्याची बोबडी पहिल्यापासूनच वळे.

दुकानात नवा कोरा संगणक होता. त्याचं खोकं तिने स्वतःच्या हाताने फाडलं. भावाने सगळं बसवलं, चालवून दाखवलं. मग ती बसली.

परवानगी नाही.

शेजारच्या टेबलावर गिऱ्हाइकांचे दुरुस्त झालेले संगणक चालू होते. ते एकेक करून बंद पडले, परत सुरू झाले आणि सगळ्यांवर तीच ओळ उमटली.

ती उठली. ओळी गेल्या.

ती बसली. ओळी आल्या.

"मी विचारणार नाही," ती म्हणाली.

कुणाला, हे भावाने विचारलं नाही. "तायडे, विचारून टाक ना एकदा," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुझं काय जातंय?"

सख्खा भाऊ, आणि तोही त्याच्याच बाजूचा. चांगलं सुनवायला ती वळली. भाऊ तिच्याकडे बघतच नव्हता. तिच्या खुर्चीमागे, जरा वर, उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तसा बघत होता, आणि अदबीने मान हलवत होता.